आधी स्वर्गात, मग जेवायला

"शेवटचं भोजन कधी झालं?" फादरनी अँजेलाला विचारलं.

"सगळं झाल्यावर, फादर. आधी येशूला क्रुसावर चढवलं. मग तिसऱ्या दिवशी त्यो उठला. मग वर स्वर्गात गेला. मग पवित्र आत्मा आला. आन् मग त्यो सगळ्यांसंगं जेवला."

फादरनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी अँजेलाकडे बघितलं. शेवटचं भोजन म्हणजे क्रुसावर जायच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवला ते, या सगळ्याच्या आधीचं. पोरगी कुठेही अडखळली नव्हती. घडाघडा बोलली होती, आणि तेच जास्त वाईट होतं.

कोल्हापुरातल्या एका शाळेत सायन्स शिकवून मी रिटायर झाले. आता आमच्या पॅरिशचं, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत येणाऱ्या कॅथलिक कुटुंबांचं, धर्मशिक्षण माझ्या गळ्यात आहे. त्यातला मोठा टप्पा म्हणजे फर्स्ट कम्युनियन. मिस्सेत, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेत, येशूचं शरीर मानून भाकर देतात. ती मुलाला पहिल्यांदा मिळते तो दिवस. साधारण आठ-नऊ वर्षांची मुलं घेतात. त्याआधी फादर तोंडी परीक्षा घेतात, आणि ती परीक्षाच चालू होती.

अँजेला अकरा वर्षांची. तिची आई शांता गगनबावड्याला सरकारी दवाखान्यात नर्स. रविवारच्या क्लासला यायचं म्हणजे पहाटेची एसटी, त्यात घाटमाथ्यावरचा पाऊस, त्यात आईची ड्यूटी. पोरीची दोन वर्षं अशीच गेली. मिस्सेच्या रांगेत तिच्यापेक्षा लहान पोरं भाकर घ्यायची आणि ही हात छातीशी बांधून नुसता आशीर्वाद घेऊन परत यायची. गेल्या नाताळात तर ती बाकावरून उठलीच नाही. त्यात शांताची मेअखेर बदली ठरलेली, आणि नव्या गावाच्या आसपास चर्च नाही. म्हणजे हे वर्ष गेलं की गेलंच.

आता टेक्नॉलॉजीकडे वळते. हा शब्द आमच्या फादरचा. ताप, गळकं छप्पर, कमी हजेरी, सगळ्यावर त्यांचं औषध एकच: "टेक्नॉलॉजी आहे ना, टीचर!"

चर्च कमिटीच्या जूनच्या मीटिंगमध्ये त्यांनी लांबच्या मुलांसाठी स्वस्तातला उपाय काढायचं ठरवलं. आधी म्हणाले, व्हॉट्सॲपवर धडे पाठवा. मी म्हटलं, फोन आईबरोबर ड्यूटीवर जातो आणि पावसात तिथे रेंज नसते. मग म्हणाले, छोटा प्रोजेक्टर घेऊ.

"लावू कशावर, फादर? धुक्यावर?"

कमिटीतले लोक हसले. पुढच्या आठवड्यात फादर बाजारातून मेमरी कार्डवाले छोटे स्पीकर घेऊन आले. हे यंत्र फार साधं असतं. नखाएवढं कार्ड आत घालायचं, बटण दाबायचं, की गाणी एकामागून एक वाजतात. याला स्क्रीन नसते. काय वाजतंय ते फक्त कानाला कळतं.

"आणि मुलाला प्रश्न पडला तर ते विचारणार कुणाला?" मी विचारलं.

"टेक्नॉलॉजी आहे ना, टीचर!"

मी कपाळावर हात मारला आणि कामाला लागले. माझ्या मोबाईलवर चोवीस धडे रेकॉर्ड केले. प्रत्येक फाईलच्या नावात नंबर टाकला. धड्याच्या सुरुवातीला नंबर बोलूनही दाखवणार होते, तर फादर म्हणाले, "नको, शाळेसारखं वाटतं. गोष्ट सांगितल्यासारखं बोला." बोलले बाई गोष्टीसारखं.

शेवटच्या भोजनाचा धडा फादरनी ऐकला आणि नापास केला. येशू भाकर मोडून "हे माझे शरीर आहे" म्हणतो, नेमक्या त्या वाक्यावर माझ्या दारात घंटागाडी आली होती. ओला कचरा, सुका कचरा सगळं रेकॉर्ड झालेलं. तो धडा मी स्वयंपाकघरात बसून परत रेकॉर्ड केला. कार्ड भरून देणाऱ्या मोबाईलवाल्या रियाजला नेऊन दिला. त्यानं जुना पुसून नवा टाकला. स्पीकर गावोगावी गेले. मलकापूर आणि गडमुडशिंगीची मुलं मधूनमधून क्लासला येत होती, त्यांना क्रम माहीत होता. अँजेलाकडे तेवढा एक डबाच होता.

तर परीक्षेची खोली. फादरनी वही मिटली.

"टीचर, तिची तयारी नाही. पुढच्या वर्षी बघू."

शांता खुर्चीतून अर्धी उठली. "फादर, माझी बदली हाय. पुढच्या वर्षी कुठलं आणू हिला? पोरगी रोज ऐकतीय हो. मला म्हणालीबी, मम्मी, हे उलटं वाटतंय. मीच म्हटलं, टीचरनी पाठवलंय, बरोबरच असणार."

मी शांताकडे वळले. "स्पीकर आणलाय का?"

तिनं पर्समधून काढला. मी तो फादरच्या टेबलावर लावला आणि पुढचं बटण दाबत गेले. पुनरुत्थान. स्वर्गारोहण. पवित्र आत्मा. आणि सगळ्यात शेवटी, माझ्याच आवाजात, शेवटचं भोजन.

मी तिथूनच रियाजला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"रियाज, फाईलला नंबर दिलेत मी! सतरावा धडा शेवटी कसा वाजतोय?"

"टीचर, ते यंत्र नंबर वाचत न्हाय. जी फाईल आधी आत गेली ती आधी वाजणार. नवी फाईल तुम्ही मागनं आणून दिलासा, ती मागनं वाजणार की."

"मग तेव्हा सांगायचं नाही का?"

"आता मला काय म्हाईत, तुमच्यात आधी जेवाण का आधी मरण?"

मी फोन ठेवला.

"फादर, चूक माझी आहे. यंत्राची आहे. आणि यंत्र आणलं तुम्ही, नंबर बोलू दिला नाही तुम्ही. पोरीनं जे वाजलं ते पाठ केलं. आपल्या चुकीसाठी हिला का बसवता?" माझा आवाज चढला होता. चर्चमध्ये चढवू नये एवढा चढला होता.

फादरनी तो डबा बाजूला सरकवला. मग अँजेलाला जवळ बोलावलं.

"बरं, एवढंच सांग. ह्या भाकरीत आणि घरच्या भाकरीत फरक काय?"

हा प्रश्न डब्यात नव्हता.

"घरची भूक लागली की खायची, फादर. ही म्हंजे त्यो सोता." मग हळूच म्हणाली, "त्यो वर गेल्ता की. तरी परत आला, आपल्यासंगं जेवायला."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. फादरनी चष्मा काढून पुसला.

"क्रम चुकलाय," ते म्हणाले.

"हो."

"क्रम तुम्ही दुरुस्त करा, टीचर." आणि त्यांनी वही उघडून तिच्या नावापुढे टिक केली.

ईस्टरनंतरच्या रविवारी अँजेला रांगेत उभी राहिली, सगळ्यांत उंच. हात छातीशी बांधलेले नव्हते, पुढे केले होते. फादरनी प्रवचनात सांगितलं की टेक्नॉलॉजीमुळे आता गगनबावडाही लांब राहिला नाही. कमिटीनं टाळ्या वाजवल्या आणि आणखी स्पीकर आणायचं ठरवलं.

फाईली आता मी स्वतः एकेक करून, क्रमानं टाकते. पण खरी चूक फाईलची नव्हती, हे मी फादरना अजून सांगितलेलं नाही. रेंज असेल त्या रविवारी मी शांताच्या फोनवर अँजेलाशी बोलत होते. "ऐकलंस का?" "व्हय, टीचर." "कळलं का?" "व्हय, टीचर." काय ऐकलंस, हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नाही.