सासूबाईंचा अंगठा

आमच्या गाडीचा रिमोट दिवाळीच्या तोंडावर बादलीत पडला. गाडी नवरा धूत होता आणि रिमोट त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात होता, म्हणजे चूक कोणाची हे उघड आहे. पण तो वाळवायची जबाबदारी मी घेतली आणि तिथून चुकीत माझाही वाटा सुरू झाला.

ओला मोबाइल तांदळात ठेवतात, हे शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाईंकडून मी ऐकलं होतं. अर्जुनी मोरगावच्या बाजूला राहणाऱ्या माणसाकडे दुसरं काही नसलं तरी तांदूळ असतोच. हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाचा नवा तांदूळ नुकताच गिरणीतून आला होता. त्या भरल्या पिंपात मी रिमोट तीन दिवस पुरून ठेवला. चौथ्या दिवशी तो काढताना सासूबाईंनी पाहिलं.

"नव्या तांदुरात ठेवला काय?" त्या म्हणाल्या. "त्याच्यातच किती ओल असते. नव्या तांदुराच्या भाताले पानी कमी टाकतो ना आपून, ते कायले?"

बारा वर्षं मी या घरात नव्या तांदळाच्या भाताला पाणी कमी घालत आले होते आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मला स्वतःचाच भयंकर राग आला. काढला तो नवऱ्यावर.

त्यानंतर रिमोट दहादा दाबला तर एकदा चालायचा. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली आणि आधीचा मालक फार संशयी असावा. त्याने तिला असा सायरन बसवला होता, की किल्लीने दार उघडलं तर ती बोंबलायला लागायची आणि रिमोट चालेपर्यंत गप्प बसायची नाही, चालूही व्हायची नाही. उघडी सोडावी म्हटलं तर अर्ध्या मिनिटात आपली आपण कुलूप लावून घ्यायची. दुरुस्तीला गोंदियाला न्यायला हवी होती, पण धान कापणीचे दिवस, नवऱ्याचं खताचं दुकान, माझी शाळा. जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं.

आता सासूबाईंबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. सासरे गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्या दिवसापासून सासूबाईंनी अंगणाचं फाटक ओलांडलं नव्हतं. आधी हीच बाई बाजार, लग्नं, बारशी, कोणाची गाय व्याली तरी पुढे. आता काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "मी कायले येऊ? तुमी जा." चिचगडला त्यांची धाकटी बहीण आहे. तिचे गुडघे गेलेत, तिला येता येत नाही. तेरवीनंतर दोघींची भेट नव्हती. फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला, की सासूबाई निवडलेलेच तांदूळ सुपात घेऊन पुन्हा निवडत बसायच्या. मी गोडीने सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. अबोल्याचा त्रास मलाच झाला, कारण मला गप्प बसता येत नाही.

एका सकाळी मला शाळेला उशीर झाला होता. रिमोट चालेना म्हणून चिडून मी किल्लीने दार उघडलं. सायरन सुरू झाला. कोंबड्या छपरावर गेल्या, शेजारी ब्रश तोंडात घेऊन फाटकाशी आले आणि नवरा दाढीचा साबण अर्ध्या तोंडावर ठेवून रिमोट तळहातावर आपटू लागला. मी त्याच्या हातून हिसकावला, त्याने माझ्या हातून. सासूबाई भांडी घासत होत्या. राखेचे हात तसेच घेऊन त्या आल्या, रिमोट घेतला, बटणाच्या एका कोपऱ्यावर अंगठा ठेवला, तिरपा दाबला आणि मग सरळ केला. गाडी गप्प झाली.

"कसं काय केलं तुमी?" नवऱ्याने विचारलं.

"पऱ्हा नाई काय लावत आपून? वरून दाबला तं तरंगून येते. तिरपा दाबाचा आन मंग सरका कराचा."

पन्नास वर्षं चिखलात पऱ्हा, म्हणजे भाताची रोपं, लावलेला तो अंगठा. रुंद, चपटा, नखाशी कायमचा काळा. आम्ही दोघांनी तसंच तिरपं, तसंच सरळ करून पाहिलं. ढिम्म. त्यांनी दाबलं की टुक करून दिवे लागायचे. तीनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं. ते पाहून माझं डोकं चाललं.

"आई, शाळेत ही अशीच बोंबलली तर मी काय करू?" मी म्हणाले. "तुम्हाला चलावं लागेल."

"मी?"

"मग गाडी राहू दे. मी सुट्टी टाकते. आज पोरांची चाचणी आहे, ती बुडेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेजाऱ्यांकडे पाहिलं. हात धुतले. धुतलेलं लुगडं नेसून गाडीत मागे बसल्या आणि शाळा येईपर्यंत डोक्यावरचा पदर पुढे ओढून राहिल्या. पण दुपारी मी वर्गाबाहेर आले तर त्या खिचडी शिजवणाऱ्या बायांसोबत तांदूळ निवडत बसलेल्या आणि त्यांना फोडणी शिकवून राहिलेल्या. त्या बायांनी ऐकून घेतलं, यातच सगळं आलं.

मग माझी सगळी कामं गाडीशिवाय होईनाशी झाली. बाजार, बँक, मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा. दर वेळी मी रिमोट त्यांच्यापुढे धरायची आणि त्या कुरकुरत उठायच्या. दोन आठवड्यांत कुरकुर गेली. चार आठवड्यांत त्या पुढच्या सीटवर आल्या, रिमोट त्यांच्या बटव्यात गेला आणि मी गाडी हळू चालवते अशी तक्रार सुरू झाली.

आमच्या इकडच्या प्रतापगडला तर कमालच झाली. गडाच्या पायथ्याशी बाहेरगावचं एक कुटुंब आपल्या पांढऱ्या गाडीभोवती उभं होतं. रिमोट चालत नव्हता, सगळ्यांनी दाबून झालं होतं. मी नको नको म्हणेपर्यंत सासूबाई पुढे झाल्या. "आना इकडं." तिरपा दाबला, सरळ केला. समोरची गाडी जागची हलली नाही, पण पलीकडे चहाच्या टपरीमागे उभ्या असलेल्या दुसऱ्या पांढऱ्या गाडीचे दिवे लागले. ते लोक दुसऱ्याच्याच गाडीला झोंबत होते. त्यांनी सासूबाईंना चहा पाजला, पाया पडले आणि परतताना वाटभर त्या मला सांगत होत्या, की गाडी कोनतीबी असो, हात बसला पायजे.

माझं सगळं लक्ष मात्र चिचगडवर होतं. शाळा, बाजार जवळचे. तिथे जाऊन त्या संध्याकाळी आपल्या अंगणात परत येत. बहिणीकडे जाणं म्हणजे कपाळाकडे पाहून रडणाऱ्या बायांत बसणं, आणि तेच त्यांना नको होतं, हे मला हळूहळू समजलं होतं. तरी एकदा हिंमत करून मी म्हणाले, की रविवारी चिचगडला माझं काम आहे. काम काहीच नव्हतं. "गाडी तिकडं अडली तं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, त्याचीच तर भीती आहे. त्या हो म्हणाल्या.

आणि शनिवारी नवरा दुकानाच्या कामाने गाडी घेऊन गोंदियाला गेला. रिमोट त्याने आईकडून मागून नेला होता, आणि गाडी किल्लीने उघडू नको, लागेल तितका वेळ रिमोटच दाब म्हणून तिने त्याला दहा वेळा बजावलं होतं. संध्याकाळी आला तो हसतच. मेकॅनिकने रिमोट उघडून आतला गंज काढला, रबर बदललं, नवा सेल टाकला. "देख, एकदम मक्खन," म्हणून त्याने बोटाच्या टोकाने गाडी उघडून दाखवली.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचाऱ्याला कळेना, आधी दुरुस्त करा म्हणून मागे लागलेली बायको अशी का अंगावर येते. सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. "मग आता?" तो म्हणाला. मी म्हटलं, आता तोंड बंद.

रविवारी सासूबाई सकाळीच तयार होत्या. बहिणीसाठी लाखोळीची डाळ, पोह्यांची पिशवी, हातात रिमोट. त्यांनी अंगठा कोपऱ्यावर ठेवला, आणि अजून तिरपा करायच्या आतच टुक झालं. त्या थांबल्या. बंद करून पाहिलं. मग करंगळीने दाबलं. पुन्हा टुक.

"सुधरवली?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं, पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "हो," मी म्हणाले. "काल."

नवरा ओट्यावर उभा होता, तो खाली बघायला लागला. मी त्या पिशव्यांकडे बघत होते. आता त्या पिशव्या उचलतील, आत जातील, आणि मी कायले येऊ म्हणतील, असं मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. वळसा घालून पुढच्या सीटवर बसल्या, डाळीची पिशवी मांडीवर घेतली आणि दार ओढून घेतलं.

"उभी काऊन राहिली?" आतून आवाज आला. "बस ना. बहीन वाट पाहून राहिली असन माही."