टीसी परत मागितली तेव्हा

"तुले डिग्री पाह्यजे का मायक्रोस्कोप?"

संस्थेचे सचिव मला विचारत होते. ऑफिसातले तिघे हसले. माझे बाबा दाराशी उभे. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

मला मायक्रोबायोलॉजी शिकायची होती. वर्धेच्या कॉलेजात त्या विषयाची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. तिथं वनस्पतिशास्त्र मिळत होतं. आणि सेलूकडच्या या संस्थेच्या कॉलेजात मला हवा तोच विषय, न मागता. तिथले एक सर आमच्या घरी आले. जागा भरायला पोरं गोळा करून आणायचं काम त्यांच्याकडे असतं, नाहीतर नोकरीवर येतं. हे आम्हाला कुठं ठाऊक? सर घरी आले याचंच बाबांना अप्रूप. त्यांनी माझी टीसी, मार्कशीट, सगळे मूळ कागद काढून दिले. वर थैलीभर वांगी. पोच मागितली नाही. सरांकडे पोच कशी मागायची?

मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. मग कॉलेज बघायला गेले. शिपायानं प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. टेबलांवर धूळ. कपाटात एकच मायक्रोस्कोप, त्याचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. शिकवणारं कुणी नाही. परीक्षेपुरतं यायचं, असं शिपाईच म्हणाला. त्याच दिवशी मी ठरवलं, वर्धेला जायचं. वनस्पतिशास्त्र तर वनस्पतिशास्त्र, पण खरोखर शिकायचं. त्यासाठी दोन दिवसांत मूळ कागद दाखवायचे होते. म्हणून आम्ही या ऑफिसात आलो होतो.

"वांगे इकनाऱ्याच्या पोरीले लॅब पाह्यजे," सचिव म्हणाले. "घरी अळ्या पाह्यत जाय." मग बाबांकडे बोट केलं. वयानं बाबांपेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस. "कागद तूच देल्ले ना? मंग समजाव इले."

बाबा म्हणाले, "हो साहेब." आणि हात जोडले.

ते दोन शब्द मला सचिवांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागले. बाबांचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली. बाजारात कुणाचं ऐकून न घेणारा माणूस खुर्चीपुढं वाकला होता. मी रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले.

"कागद माह्या नावाचे हायेत," मी म्हटलं. "घेतल्याशिवाय मी उठत नाई."

उठवलं मला. शिपायाकरवी. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून नेला, दोन प्रती. एकीवर शिक्का मागितला, तर कारकून म्हणे साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी दिवसभर बाकावर बसले. चौथ्या दिवशी सचिवांनी कागद टेबलावर टाकले.

"घे. आता कुठं जातं तं जाय."

मुदत संपली होती, हे त्यांना माहीत होतं. वर्धेची जागा गेली. मी झक मारत त्यांच्याकडेच येईन असं त्यांना वाटलं असेल. नाही गेले. वर्षभर वांगी तोडली, आणि रोज आतल्या आत जळले.

यंदा पुन्हा वर्धेचा अर्ज भरलाय. विषय कुठलाही मिळो, कॉलेज मी निवडणार. परवा ते सर पुन्हा गावात आले. त्यांच्या आधी मी बारावीच्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आले होते, मूळ कागद देऊ नका. तरी तीन घरांनी दिलेच. त्या घरांतल्या तिघी पोरींना घेऊन उद्या मी त्याच ऑफिसात जाणार आहे. मुदत अजून बाकी आहे. कागद हातात पडेपर्यंत आम्ही चौघी तिथून हलणार नाही.