करारातलं सातवं कलम

मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरच्या बर्फ कारखान्यातला तो दुसरा मृत्यू मला विसरता आलेला नाही. बर्फ फोडायच्या यंत्राचा शॉक बसून एक कामगार जागीच गेला. त्याच्या दीड वर्ष आधी त्याच यंत्रावर आणखी एक जण गेला होता. तेव्हा अकस्मात मृत्यूची नोंद झाली, त्याच्या बायकोने ‘तक्रार नाही’ असा जबाब दिला आणि प्रकरण ठाण्याचा अधिकारी म्हणून माझ्याच सहीने बंद झालं.

चौकशीत मालक शांतपणे सांगत होता, यंत्राबद्दल कधीच तक्रार आली नाही, ओल्या हाताने काम केलं असेल. कामगारही माना खाली घालून तेच बोलत. मग ठाण्यात निनावी फोन आला. पहिल्याच्या बायकोला विचारा, एवढंच सांगून त्या माणसाने फोन ठेवला.

ती लांज्याकडे माहेरी राहत होती. महिला हवालदाराला घेऊन मी घरी गेलो. नवऱ्याचा विषय काढताच ‘मला काही बोलायचं नाही,’ एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी तिने कारखान्याच्या मालकाशी झालेला नुकसानभरपाईचा करारनामा आणून पुढे ठेवला. सातवं कलम असं, की मृत्यू आणि यंत्र यांविषयी ती कोणाशीही बोलणार नाही. बोलल्यास भरपाई परत करावी लागेल.

‘‘कोणाशीही म्हणजे पोलीस पण, असं त्यांचे वकील म्हणाले,’’ ती म्हणाली. ‘‘पोराची शाळा त्यावर चाललेय, साहेब.’’

मी करारनाम्याची प्रत सरकारी वकिलांना दाखवली. त्यांनी स्पष्ट सांगितलं, भरपाई किती मिळाली हे गुप्त राहू शकतं. पण माणूस कसा मेला हे पोलिसांपासून लपवायचा करार कायद्यात टिकत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला हे सोप्या शब्दांत समजावलं. ती उठली आणि नवऱ्याचा जुना मोबाइल चार्जिंगला लावला. त्यात त्याने मालकाला पाठवलेला निरोप होता, त्याच्याच आवाजात: ‘‘शेठ, मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन बोलवा.’’

खाली मालकाचं उत्तर होतं, ‘सीझन संपू दे.’

पंचांसमक्ष मोबाइल जप्त केला. त्या संध्याकाळी मालकाला अटक झाली.

जबाबावर सही करताना तिने विचारलं, ‘‘साहेब, तुम्ही तेव्हाच घरी आला असतात, तर हा दुसरा वाचला असता ना?’’

मी ‘हो’ म्हणालो.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ‘तक्रार नाही’ असा जबाब समोर आला की मी त्या घरी जाऊन विचारत असे, कुणी तुमच्याकडून काही लिहून घेतलंय का? या प्रकरणापर्यंत गप्प बसलेल्या माणसाला मी समाधानी समजत आलो होतो.