वस्तादांनी हात घेतला

माणूस मेला म्हणजे तो हरला, हे तुम्हाला कोणी सांगितलं? काष्टीच्या बाजारतळावर तालमीतल्या पोरांनी वस्तादांचा फ्लेक्स लावलाय. फोटोखाली ओळ आहे : ‘मृत्यूशी झुंज अखेर अपयशी’. ती ओळ मला मान्य नाही, म्हणून हे पत्रक.

वस्ताद तालीम चालवायचे आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे. उठताना ते कोणाचा हात घेत नसत. कुस्तीत चीत झालेल्याला जिंकणारा हात देऊन उठवतो, ही रीत. वस्ताद तरुणपणी तोही हात बाजूला सारायचे म्हणे. पोरांना तीच शिकवण. “पडला ना? मग ऊठ. मी काय तुझी आय हाय व्हय?”

माझे वडील पत्रकं छापायचे. त्यांच्या गठ्ठ्यांवरच मी वाचायला शिकले. पुढे मीही बाजारात मी लिहिलेली पत्रकं वाटू लागले. वस्ताद मुद्दाम एक मागून घ्यायचे आणि म्हणायचे, “कागदावर लई वरडती गं तू. जोर मनगटात पायजे.”

दिवाळीनंतर त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. पोरं म्हणाली, “तुमी जिद्दी हाय वस्ताद, दोन महिन्यांत आखाड्यात दिसताल.” वस्तादांनी ते पोरांपेक्षा जास्त मनावर घेतलं. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात जमते आणि उजाडताना गाते. तिथे मार्थाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या कबरेपर्यंत आपल्या पायांनी जायचं, असा त्यांनी पण केला. हिवाळाभर भिंत धरून चालले. सावरायला गेलेल्या प्रत्येकाने शिव्या खाल्ल्या.

ईस्टरला ते फाटकापर्यंत पोचले आणि कोसळले. उताणे, दोन्ही खांदे मातीला. मी धावले. “हात लावायचा न्हाई,” ते गुरकावले. डाव्या कोपरावर जोर दिला, पडले. पुन्हा दिला, पुन्हा पडले. आत चर्चचे पाळक बायबलमधून वाचत होते : देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले.

वस्ताद धापा टाकत ऐकत राहिले. मग म्हणाले, “पोरी, मेलेल्याला जिद्द असती का गं?”

“नाही, वस्ताद.”

“मग येशू काय जिद्दीनं उठला? पुरता मेलता तो. बापानं उठवला त्याला.” आणि त्यांनी डावा हात वर केला. “दे हात. जड हाय मी, सांभाळून.”

त्यानंतर ते ऐटीत हात मागायचे, जणू मानाचा फेटाच मागताहेत. शेवटच्या आठवड्यात एक पाहुणा म्हणाला, “हिंमत सोडू नका.” वस्ताद म्हणाले, “हिंमत कवाच संपली. पन उठवनारा काय माझ्या हिंमतीवर बसलाय व्हय? मरान चीत करतंय तर करू दे. मला कोन उठवनार ते म्या वळखतो.”

मार्थाकाकूंशेजारी आम्ही त्यांना मातीत ठेवलं. मी रडले, आणि गायलेही.

तालमीतल्या पोरांनो, तुमची माया मला कळते. पण जो माणूस पाठ मातीला लागलेली असताना हात वर करून गेला, त्याला हरलेला म्हणू नका. तो फ्लेक्स आज उतरवा. आणि येत्या ईस्टरला पहाटे फाटकापाशी येऊन उभे राहा. कोणी पडलेलं दिसलं तर त्याला जिद्द शिकवू नका. हात द्या.