साडभाऊंची पाचवी टिकली

माझ्या साडभाऊंनी, म्हणजे मेव्हणीच्या यजमानांनी, सभा उधळली, असे आमच्या सासुरवाडीत जो कोणी सांगत असेल तो त्या सभेत नव्हता, मी होतो. आणि मी ठामपणे सांगतो की त्यांच्याइतका शिस्तीचा भांडखोर नागपूरने दुसरा घडवलेला नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली. ट्रकवरून पडून मज्जारज्जूला इजा झाली, कमरेखालचे अंग गेले. आवाज मात्र तसूभर उतरला नाही. चाकाच्या खुर्चीला त्यांनी गजर बांधला आहे. तो दर अर्ध्या तासाने वाजला की ऐन भांडणातही ते दोन्ही हातांवर शरीर उचलून धरतात, बसून बसून जखम होऊ नये म्हणून. तोवर प्रतिपक्षाने गप्प राहायचे, हा घरचा कायदा. माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनीही तो पाळला.

त्या दिवशी एका रुग्णालयाने मज्जारज्जूच्या रुग्णांना बोलावले होते. पुढचे संशोधन आधी कशावर व्हावे, हे रुग्णांनीच ठरवायचे. भिंतीवर प्रश्नांचा तक्ता आणि प्रत्येकाला पाच लाल टिकल्या. महत्त्वाच्या प्रश्नापुढे चिकटवायच्या. तक्ता उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. खुर्चीतल्यांचे हात पोचेनात, म्हणून आम्ही नातेवाइकांनी मोठ्या हौसेने टिकल्या लावल्या आणि 'पुन्हा चालता येणे' ही ओळ लालभडक झाली. साडभाऊंच्या पाचही मीच तिथे लावल्या, हे मी नाकारत नाही.

साडभाऊ एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माल खाली उतरवा. बोली लावणाऱ्यायले दिसून नाही राहिला."

तक्ता टेबलावर आला, टिकल्या सोलून ज्याच्या त्याला परत मिळाल्या. मग साडभाऊंनी एकेक प्रश्न लिलावाच्या सुरात पुकारला. लघवीवरच्या ताब्याचा पुकारा होताच, तोवर मान खाली घालून बसलेली हिंगण्याची एक बाई चाके फिरवत पुढे आली. "माह्या पाचही इथंच," ती म्हणाली. "कपडे ओले होतीन म्हणून चार वर्षांत एका बी लग्नाले नाही गेली मी." आम्ही चालणारे टेबलापासून मागे सरकलो. लघवीवरचा ताबा पहिला आला, बसून होणारी जखम दुसरी. चालणे मागे पडले. याला उधळणे म्हणत असतील, तर उधळली.

परतताना मी विचारले, चार टिकल्या लावताना पाहिल्या, पाचवी कुठे गेली? तेवढ्यात गजर वाजला. कायद्याप्रमाणे मी थांबलो. खाली टेकल्यावर ते म्हणाले, "चालण्यावर लावली. रोज सकाळी येऊन माह्या पायाले तेल चोळता तुम्ही. तुमची बी एक असू द्या, भाऊ."

त्या पायांना माझा हात कळत नाही, हे मला ठाऊक आहे. तेल मी अजूनही कोमट करूनच नेतो.