ढ आणि आधार-टेबल

२००७ साली शहाद्याच्या शोभनाबाई सर्वसमावेशक शिक्षण आणि भेदभाव निर्मूलनाच्या दोन आठवड्यांच्या कोर्सला जर्मनीत हायडेलबर्गला गेल्या, तेव्हा त्यांना भेदभावाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना मुख्याध्यापिका व्हायचं होतं. संस्थेच्या सेक्रेटरींनी सांगितलंच होतं, परदेशाचं सर्टिफिकेट आणा, खुर्ची तुमची. बावीस वर्षं तिसरीचा वर्ग हाकल्यावर माणसाचा खुर्चीवर डोळा असला तर बिघडलं कुठे?

राहायची सोय भाच्याकडे, जवळच्याच वाल्डॉर्फ गावी. अनय तिथे सॉफ्टवेअरमध्ये होता. पहिल्या दिवशी तोच मावशीला सोडायला आला, आणि तिथेच घोडं अडलं. कोर्स इंग्रजीत होता, तेही जर्मन वळणाच्या. बाईंनी अर्जात इंग्रजीपुढे ‘उत्तम’ लिहिलं होतं, कारण सगळेच लिहितात. आता त्यांनी दुभाषा मागितला. प्रशिक्षिका फ्राऊ लिंडेमान यांचा चेहरा पडला. एकट्या बाईंना दुभाषा दिला तर त्यांच्यावर वेगळेपणाचा शिक्का बसेल, असं त्यांनी अनयला कळकळीने समजावलं. मग बाईंचा हात धरून त्यांना सगळ्यांपासून दूर, खिडकीजवळच्या एका टेबलाशी नेऊन बसवलं. त्यावर हिरवी पाटी होती. आधार-टेबल.

“काय शिकवलं आज?” अनय रोज संध्याकाळी विचारायचा.

“सगळ्यांनी गोल करून दोरी धरली. का धरली ते कळलं नाही.”

“आल्झो... म्हणजे, विचारायचंस ना, मावशी.”

“विचारलं की त्या लिंडेमान बाई मोठ्याने बोलतात. मी काय बहिरी आहे?”

आठव्या दिवशी बाई खिडकीतून खालच्या ट्रामगाड्या मोजत होत्या. सतराव्या गाडीला त्यांना यमुना आठवली आणि त्या चपापल्या. त्यांच्याही वर्गात खिडकीजवळ एक बाक होता, ढ मुलांसाठी राखलेला. यमुना पाड्यावरून यायची, घरी पावरी बोलायची, आणि वर्गात दिवसभर खिडकीतून रस्त्यावरच्या बैलगाड्या बघायची. बाई ओरडल्या की आणखीच गप्प व्हायची. महिनाभरात बाईंनी ती ढ असल्याचा निकाल देऊन टाकला होता. पोरीला त्यांची मराठी कळत नव्हती, एवढंच होतं. हे समजायला त्यांना विमानाने जर्मनी गाठावी लागली. बाईंना स्वतःची फार लाज वाटली.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं होतं. न बोलणाऱ्याला सर्टिफिकेट नाही. तिथल्या शिक्षण मंत्रालयातून पाहुणे येणार होते, त्यामुळे मातृभाषा हा अचानक प्रत्येकाचा हक्क ठरला. अनयने भाषांतरासाठी सुट्टी काढली.

बाईंनी फळ्यावर मोठा ढ काढला. “आमची बाकीची अक्षरं काळाप्रमाणे बदलत गेली,” त्या म्हणाल्या. “हे दोन हजार वर्षं जसंच्या तसं राहिलं, म्हणून ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला आम्ही ढ म्हणतो. दोन आठवडे या वर्गातली ढ मी आहे.” मग त्यांनी यमुनाची सगळी गोष्ट सांगितली. आवाज भरून आला, तो काही नाटकी नव्हता.

पाहुण्यांनी विचारलं, “आता ती मुलगी कुठे बसते?”

बाईंनी टेबलावरच्या सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“पहिल्या बाकावर,” त्या म्हणाल्या.

टाळ्या थांबेनात. फ्राऊ लिंडेमान यांनी डोळे पुसले आणि पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर ढ छापायची परवानगी मागितली. आधार-टेबलाशी बाईंचा फोटोही काढला.

परतताना अनय खुशीत होता. “मावशी, यमुनाला इथून चॉकलेटं पाठवू या. पत्ता दे तिचा.”

“माझ्याकडे नाही.” बाई गाडीच्या काचेबाहेर बघत राहिल्या. “दिवाळीनंतर ती आलीच नाही शाळेत. पटावरून नाव मीच कमी केलं.”

सर्टिफिकेट बाईंच्या मांडीवर होतं. त्यावर ‘उत्कृष्ट सहभाग’ लिहिलंय, हे अनयनेच मघाशी त्यांना वाचून दाखवलं होतं.