मार्थाबाईंचा तळहात

मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसच्या खोलीबाहेर मार्थाबाई माझ्या शेजारी बसतात. आत आमच्या नवऱ्यांच्या खाटाही शेजारीशेजारीच आहेत. चर्च आमचं एकच, रविवारी गातो ती गीतंही तीच. तरी डबा उघडण्याआधी त्या डोळे मिटून आभार मानू लागल्या की माझ्या पोटात दुखतं. भाकरी आणि मेथीच्या भाजीसाठी इतके मनापासून आभार! माझी प्रार्थना म्हणजे नुसत्या तक्रारी. देवाने या बाईला कानात काहीतरी सांगून ठेवलंय आणि मला तेवढं वगळलंय, असंच मला वाटत आलं.

गेल्या शुक्रवारी डॉक्टर त्यांना सांगून गेले, "आता फार आशा धरू नका." मार्थाबाईंनी थोड्या वेळाने डबा काढला. "या ताई, आधी प्रार्थना करू," म्हणत माझा हात धरला. त्यांनी आधी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, मग स्वतःच्या नवऱ्याचं, आणि थांबल्या. संपलं समजून मी घाईने "आमेन" म्हणून टाकलं. पण संपलं नव्हतं, त्यांना आवाजच फुटत नव्हता. त्यांचा तळहात घामाने चिंब झाला होता.

मग आवाज सापडला तशा त्या म्हणाल्या, "आणि प्रभू, या भाकरीसाठी तुझे आभार."

जी घाबरतच नाही तिचा हेवा मी इतके दिवस कसाबसा सोसला. पण माझ्याइतकीच घाबरलेली असून जिला भाकरी आठवते, तिचा कसा सोसू?